दाण्याच्या पोटावरचा किडा

"सिस्टर, तुम्हाला बाळांची भीती वाटते का?"

प्रश्न खरं तर वकिलाच्या डोक्यातला. वकील म्हणजे नववीच्या वर्गातली ती मुलगी, जी साधं 'आज उकडतंय' म्हटलं तरी 'कशावरून' म्हणून विचारते. शाळेच्या सभागृहात त्या दिवशी दवाखान्यातल्या नवजात बाळांच्या वॉर्डातल्या सिस्टर आल्या होत्या. उंच्यापुऱ्या, आवाजात जरब, आणि पंजा असा की त्यात अख्खं बाळ मावावं. त्यांना बघून वकिलाला खुमखुमी आली. तिने शेजारच्या चिमणीला साक्षीला धरलं आणि भोंगा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैत्रिणीच्या कानात सांगितलं, की हिंमत असेल तर हे विचारून दाखव.

मागच्या वर्षापर्यंत भोंगा असल्या पैजेच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती. तेव्हा तिला हे नावच नव्हतं. हजेरी देताना तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंतही पोचत नसे. मग कुणीतरी तिला वक्तृत्वाच्या स्पर्धेत ढकललं, ऐन वेळी माइक बंद पडला, आणि ही बाई माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. बक्षीस मिळालं, नाव मिळालं, आणि तिचं तोंड जे उघडलं ते मिटायचं नाव घेईना. तेव्हा ती उठली आणि तिने विचारून टाकलं.

सभागृहात खसखस पिकली. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी हातातली बाहुली टेबलावर ठेवली, जपून, मान सांभाळून, जणू ती खरीच होती.

"वाटते," त्या म्हणाल्या. "कामावर येताना जिन्यातच वाटायला लागते. तुझ्या घरी आमच्याकडचंच बाळ आहे ना? तुला नाही वाटत?"

"मला? छे," भोंगा म्हणाली, आणि तेही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. टाळ्या पडल्या. ती खाली बसली तेव्हा तिचे तळहात ओले होते, आणि ते तिने कुणाला दिसू नयेत म्हणून स्कर्टखाली दाबून धरले.

सिस्टर आल्या होत्या त्या वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी. अशी बाळं दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून बाहेर येऊन घरी जातात, पण धोका टळलेला नसतो. झोपेत ती श्वास घ्यायचं विसरतात. डॉक्टर हे अशा सुरात सांगतात, जसं एखादं पोर डबा विसरून शाळेत जातं. बहुतेक वेळा बाळाला आपलं आपण आठवतं. नाही आठवलं, तर कुणीतरी आठवण करून द्यायची: तळव्यावर टिचकी मारायची, नाहीतर पाठ चोळायची. त्यानेही भागलं नाही, तर त्याच्या तोंडात आपला श्वास फुंकायचा आणि कुणाला तरी फोनकडे पळवायचं. बाळाचा श्वास थांबला हे कळावं म्हणून लंगोटाला अडकवायचं एक छोटं यंत्र असतं. पोट हललं नाही की ते ओरडतं. दवाखाना ही यंत्रं घरी वापरायला उसनी देतो. पण यंत्रं कमी, बाळं जास्त, आणि यंत्राची वाट बघत राहिलेली घरं कशी झोपत असतील ते तुम्हीच समजा, असं सिस्टर म्हणाल्या. शाळेने कार्यक्रम करून निधी जमवायचं ठरवलं. कार्यक्रमाची धुरा भोंग्याकडे आली, कारण अख्ख्या शाळेत असं यंत्र तिच्याच घरी होतं.

यंत्राच्या मागे अर्थातच एक भाऊ होता. तो इतका आधी आला की त्याच्यासाठी दुपटीसुद्धा शिवून झाली नव्हती. त्याला पहिल्यांदा बघून बाबा वॉर्डाबाहेर आले, "एवढासा आहे गं, दाण्याएवढा," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तेव्हापासून तो दाणा. पेटीतून सुटून तो घरी आला तेव्हा त्याच्या पोटावर ते हिरवं, काडेपेटीएवढं यंत्र होतं. बाबांनी लगेच जाहीर केलं की दाण्याला किडा लागला. आई त्यांच्याशी जेवणापर्यंत बोलली नाही. पण नाव राहिलं ते राहिलंच.

किडा कधीही बोंबलायचा. लंगोट सैल झाला की, दूध पाजायला उचलताना आई तो बंद करायला विसरली की, कधी उगाचच. प्रत्येक वेळी घरातली सगळी माणसं जागच्या जागी गोठायची आणि मग आतल्या खोलीकडे धावायची. आई दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांची मदतनीस होती, आता रजेवर. तिच्या हाताला साबणाचा वास कायमचा बसला होता आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. ती झोपायची कमी आणि कानोसा घ्यायची जास्त.

आणि आता ती गोष्ट, जी वकिलालाही माहीत नव्हती. भोंग्याने दाण्याला एकदाही उचललं नव्हतं.

सबबी तिच्याकडे गाडाभर. हाताला शाई लागलीय. सकाळी शिंक आली होती. उद्या गणिताची चाचणी आहे. आई जंतूंच्या नावानेच घाबरायची, त्यामुळे शिंकेची सबब तर हमखास चालायची. शाळेत मात्र ती रंगवून सांगायची, की त्याला हातात घेतलं ना, की हातात काही नाहीच असं वाटतं. हे वाक्य आईचं होतं. तिने ते आईच्या तोंडून ऐकलं होतं आणि जसंच्या तसं वापरलं होतं.

खरं तिला माहीत होतं तेवढं दारातूनच. ती उंबऱ्यावर उभी राहून त्याचं पोट बघायची. भराभरा श्वास, जणू कुठे पळत निघालाय. मग काहीच नाही. मग बराच वेळ काहीच नाही. अशा वेळी तिचाही श्वास अडकायचा, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत ती आपला सोडत नसे. एकदा तर तिच्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. तिला वाटायचं, हा माझ्या हातात असताना विसरला तर? टिचकी कशी मारायची ते ती सगळ्या शाळेला समजावून सांगत होती. पण सांगणं तोंडाचं काम. हातांना ते येत होतं का, हे तिला माहीत नव्हतं, आणि बघायची छाती होत नव्हती.

कार्यक्रमाची कल्पना तिचीच. पडदा उघडला की स्टेजवर रिकामा पाळणा. ती बोलायला लागणार, बोलताना हात उंच करणार, हात खाली आला की सभागृहातले दिवे जाणार आणि अंधारात किडा ओरडणार. अंधारात तो आवाज ऐकला की लोकांना कळेल आमच्या घरात काय होतं ते. वकीलसुद्धा 'कशावरून' म्हणाली नाही, इतकी ती कल्पना सगळ्यांना पटली. आई दाण्याला पुसून काढत असताना भोंग्याने काढून ठेवलेला किडा पळवला, तो बोंबलल्यावर मोबाइलमध्ये आवाज पकडून घेतला आणि किडा जागेवर ठेवला. काम फत्ते.

मग तालमी सुरू झाल्या. घरात, आरशासमोर. पहिल्यांदा आवाज वाजला तेव्हा आई न्हाणीघरातून कोपरापर्यंत फेस घेऊन धावत आली, आतल्या खोलीत गेली, दाण्याला शांत झोपलेला बघून बाहेर आली आणि मोबाइल हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे बघत राहिली.  मग ती दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. भोंग्याने शंभरदा माफी मागितली. पण कार्यक्रम तोंडावर आला होता, आणि आवाजाशिवाय तालीम म्हणजे पाण्याशिवाय पोहणं.

तोडगा बाबांनी काढला. बाबा मालाची व्हॅन चालवायचे आणि प्रत्येक गोष्टीला रस्त्याचा नियम लावायचे. वळणावर हॉर्न द्यायचा म्हणजे समोरच्याला कळतं, तसं तूही हॉर्न दे, असं त्यांनी सांगितलं. आवाज तुझा असेल तर लगेच ओरडायचं, 'तालीम'. म्हणजे आम्ही धावणार नाही.

नियम छान चालला. किडा वाजायचा, पाठोपाठ "तालीम" अशी हाक यायची, आणि घर आपापल्या कामाला लागायचं. सुरुवातीला आई तरीही मान वर करायची. पुढे पुढे तिने तेही सोडलं. बाबा एकदा कौतुकाने म्हणालेही, की आमचा भोंगा आता वेळेवर वाजतो.

कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यातली ती दुपार. बाबांना सुट्टी होती आणि ते अंगणात व्हॅनखाली शिरले होते. बाहेर फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. त्यांनी आणि भोंग्याने मिळून आईला बळेबळे भोंग्याच्या खोलीत झोपायला पाठवलं. आई जाता जाता म्हणाली, "दार उघडं ठेव. कान तिकडे ठेव. बाबा अंगणातच आहेत." भोंगा मोठ्या रुबाबात "हो गं, झोप तू," म्हणाली. आई आत गेली, आणि मग भोंग्याच्या लक्षात आलं की आतल्या खोलीतला दाणा आणि ती, यांच्यामध्ये आता कुणीच नाही.

तिने ताबडतोब वकील आणि चिमणीला बोलावून घेतलं. तालमीसाठी, असं सांगून.

दोघी आल्या. हात धुऊन, चपला बाहेर काढून, कुजबुजत. बाहेरच्या खोलीत खुर्ची हा पाळणा झाला. वकिलाने पडदा ओढायचं काम घेतलं, म्हणजे पलंगपोस. चिमणीकडे मोबाइल. भोंगा खुर्चीशेजारी उभी राहिली. आई झोपली म्हणून तिने आवाज अर्ध्यावर ठेवला होता, पण भाषण चढत गेलं तशी तीही चढत गेली. ज्या घरात पाळणा हलतो आणि माणसं हलत नाहीत, असं तिचं लाडकं वाक्य आलं. हात उंच गेला. एक क्षण तसाच राहिला. मग खाली आला.

किडा ओरडला.

"तालीम," भोंग्याने आतल्या बाजूला तोंड करून हाक दिली आणि पुढचं वाक्य सुरू केलं. ते अर्ध्यावर आलं असताना तिला चिमणी दिसली. चिमणी मोबाइलकडे बघत होती, मग तिच्याकडे, मग पुन्हा मोबाइलकडे. तिचा अंगठा हवेतच होता.

"मी अजून लावलाच नाहीये," चिमणी म्हणाली.

आवाज चालूच होता. आई झोपली होती त्या खोलीतून पलंग करकरल्याचा आवाज आला आणि थांबला. अंगणात लोखंडावर लोखंड वाजत होतं, अगदी निवांत.

 बाबांना हाक मारायला भोंग्याने तोंड उघडलं. जो आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, तो ओठांपर्यंतही आला नाही.  पाय मात्र हलले. बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत जायला असं कितीसं अंतर, पण त्या दिवशी ती जमीन संपेचना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिचं एक मन धावताना म्हणत होतं, थांब, आई येईल, तू नको जाऊस, तू बघू नकोस.

दाणा उताणा पडला होता. दुपटं बाजूला सरकलेलं. पोटावर किडा ओरडत होता आणि किड्याखालचं पोट हलत नव्हतं. ओठांभोवती एक निळसर कड होती, शाई पुसल्यावर राहते तशी. चेहरा शांत होता. 

तिने त्याचा पाय धरला. पाऊल तिच्या अंगठ्याएवढं, थंडगार. टिचकी मारली. नेम चुकला, टिचकी गादीला लागली. पुन्हा मारली. काही नाही. पुन्हा, जरा जोरात, आणि जोरात मारताना वाटलं की आपण याला दुखावतोय. काही नाही. सिस्टरांनी सभागृहात किती सोपं करून दाखवलं होतं. बाहुली तर बाहुलीच होती.

मग तिने त्याला उचललं. कसं ते नंतर तिला आठवेना. एक हात मानेखाली, एक पाठीखाली, आणि दाणा वर आला. हातात काही नाहीच असं मुळीच वाटलं नाही. तो जड होता, भयंकर जड, ओल्या कपड्यासारखा लोंबणारा. तिने त्याला पालथं हातावर घेतलं आणि पाठ चोळायला लागली. कातडीखाली बारीक बारीक मणके लागत होते. चोळत राहिली. ती काहीतरी पुटपुटत होती, दाण्या, आठव, आठव ना रे, आठव. किडा तिच्या मनगटापाशी ओरडत होता. दारात वकील उभी होती, पांढरीफटक, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे कुठलाही प्रश्न नव्हता.

आणि त्याच्या पाठीतून एक झटका गेला. मग एक उचकी. मग एक बारीक, चिडका, खरखरीत आवाज, मांजराच्या पिल्लाच्या शेपटीवर पाय पडावा तसा. किडा गप्प झाला. दाणा रडायला लागला, आणि ओठांची कड हळूहळू गुलाबी व्हायला लागली.

चिमणी तेवढ्यात बाबांना व्हॅनखालून ओढून घेऊन आली होती. बाबांचे हात ऑइलने काळे, ते हात वर धरून ते दारातच उभे राहिले. आत येऊ की नको, हात लावू की नको. रडण्याने आई उठली होती. तिने भोंग्याच्या हातातून दाण्याला घेतलं, छातीशी धरलं, त्याच्या नाकापाशी गाल नेला. "काय झालं?" तिने विचारलं. उत्तर वकिलाने दिलं, कारण भोंगा खाली बसून फक्त दाण्याची पाठ बघत होती.

दवाखान्यात त्याला तपासलं. त्या मोठ्या पंजाच्या सिस्टरच होत्या ड्यूटीवर. डॉक्टरांनी सांगितलं, की या वयात असं होतं, वाढेल तसं कमी होईल, छातीत काही नाही, घरी न्या, किडा काढू नका. पाठ चोळलीत ते योग्य केलंत, असं ते आईकडे बघून म्हणाले. आईने मान हलवली आणि मुलीकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी भोंग्याच्या पाठीवर थाप मारली. ती शाबासकी तिला चटका बसल्यासारखी लागली. तिने टिचक्या मारल्या, पाठ चोळली, ते सगळं नंतर. त्याच्या आधी ती ओरडली होती. तालीम.

 घरी येताना रस्त्यावर ऊन अजून होतं, दुकानांची दारं उघडी होती, लोक पिशव्या घेऊन हसत चालले होते आणि भोंग्याला त्यांचं नवल वाटत होतं. व्हॅनमध्ये आई म्हणाली, "मी ऐकलं होतं. किडाही आणि तुझी हाकही. मी नुसती कूस बदलली."

बाबांनी गिअर टाकला. "मी पाना शोधत होतो," ते म्हणाले. "मनात म्हटलंही, आज भोंगा जोरात आहे."

दोघांपैकी कुणी तिच्यावर रागावलं नाही. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. प्रत्येकजण आपापली चूक पदरात घेऊन बसला होता आणि तिची चूक कुणी तिला देतच नव्हतं.

घरी आल्यावर दाणा दूध पिऊन झोपला. आई पाळण्याशेजारी स्टूल ओढून बसली, पाठ न टेकता. ती आता दिवसा झोपणार नाही, असं तिने सांगून टाकलं. रात्री तरी कुठे झोपतेस, असं बाबा म्हणाले. मग नाही झोपणार, आई म्हणाली, आणि तिचे डोळे बोलता बोलताच मिटत होते, मान पुढे पडत होती आणि ती दचकून सावरत होती. भोंगा ते बघत होती. आई अशीच बसून राहिली आणि एखाद्या दिवशी त्याला उचलताना तिला झापड आली, तर? हा नवा विचार जुन्या भीतीपेक्षा मोठा होता.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात धुऊनही त्यांना ऑइलचा वास येत होता. "चुकलं आमचंच," ते म्हणाले. "तुझ्यावर सोपवायलाच नको होतं. तू अजून लहान आहेस, बाळा. आता त्याचं तू काही बघायचं नाहीस. शाळा, अभ्यास, कार्यक्रम. बाकी आम्ही बघतो."

ही तर तिला इतके महिने हवी असलेली सुटका. आता शिंक नको, शाई नको, गणिताची चाचणी नको. बाबांनी आपणहून दार उघडून धरलं होतं, तिने फक्त बाहेर पडायचं होतं. तिच्या हातांना अजून ते ओझं आठवत होतं, ते लोंबतं, गार ओझं, आणि सगळं अंग म्हणत होतं, हो म्हण, जा.

ती उठली. न्हाणीघरात गेली. आईने शिकवलं होतं तसे हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटापर्यंत. परत येऊन पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. आवाज बारीक येत होता, मागच्या वर्षी यायचा तसा, पण येत होता.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "तो आवाज मी मोबाइलमधून काढून टाकलाय. कार्यक्रमात मी बोलेन, पण तो वाजणार नाही, आणि या घरात तालीम हा शब्द कुणी ओरडणार नाही. किडा वाजला की तिघांनीही धावायचं. आणि उद्यापासून मी शाळेतून आले की दिवे लागेपर्यंत दाणा माझ्याकडे. बाबा, नाही म्हणू नका. मला त्याची खूप भीती वाटते. आजच्या आधी मी त्याला कधी हातसुद्धा लावला नव्हता. पण तो माझ्याकडे असेल तेव्हा आई झोपणार, दार लावून झोपणार. आता बाबा, तुम्ही मला त्याचा लंगोट बदलायला दाखवा, आणि आई, तू उठ त्या स्टुलावरून."